सप्तशृंगी गड: निघण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला बाहेरगावच्या पाहुण्यांकडून दोन फोन ठरलेले असतात. एक त्र्यंबकेश्वरसाठी, दुसरा गडासाठी. त्र्यंबकचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. गडाचं संपत नाही, कारण प्रत्येक जण वेगळंच काहीतरी ऐकून आलेला असतो. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र करून ठेवली आहेत.

‘वणीची देवी’ म्हणतात, मग देऊळ वणी गावात आहे का?

नाही. या एका गैरसमजापायी कितीतरी लोक वणीच्या स्टँडवर उतरतात आणि ‘देऊळ कुठाय?’ विचारत फिरतात. वणी हे दिंडोरी तालुक्यातलं डोंगराच्या अलीकडचं बाजाराचं गाव. सप्तशृंगीचं देऊळ गडावर आहे आणि गड कळवण तालुक्यात येतो. वणीहून पुढे पायथ्याचं नांदुरी गाव लागतं आणि तिथून घाट चढून गडावर जायचं.

वणी गावातही देवी आहे, जगदंबा माता. तिचं देऊळ जुनं आहे, नवरात्रात तिथेही मोठी यात्रा भरते आणि पुष्कळ जण आधी खालच्या जगदंबेला नमस्कार करूनच गड चढतात. वेळ असेल तर तुम्हीही तसंच करा.

नाशिकहून कसं जायचं?

दिंडोरी रोडने. दिंडोरी, वणी, नांदुरी, गड असा सरळ रस्ता आहे, साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. एसटीच्या बस नाशिकहून थेट गडापर्यंत जातात. रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोडला उतरून शहरातल्या स्टँडवर यावं. मालेगाव-धुळ्याकडचे लोक देवळा-कळवणमार्गे येतात, तर गुजरातचे सापुताऱ्याच्या बाजूने.

दिंडोरी सोडली की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मळे लागतात. वणीच्या पुढे समोर डोंगरांची रांग उभी राहते, तीत गड ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. नांदुरीपासूनचा घाट मात्र दहाएक किलोमीटरचा आणि वळणावळणाचा आहे. २००८ च्या जानेवारीत याच घाटात भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक माणसं गेली. घाटाची सवय नसलेल्याने तिथे स्टिअरिंग हातात घेऊ नये. रात्री आणि धुक्यात तर अजिबात नाही.

साडेतीन शक्तिपीठांपैकी हे ‘अर्धं’ पीठ का? देवीचं महत्त्व कमी आहे का?

हा प्रश्न गडावर विचारलात तर ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पीठं पूर्ण मानली जातात आणि सप्तशृंगी अर्धं. परंपरा त्याचा अर्थ ओंकाराशी लावते. अ, उ, म या तीन मात्रा आणि त्यांच्यावरची अर्धी मात्रा. देवीमाहात्म्याच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेव देवीची स्तुती करतो, त्यात ‘अर्धमात्रा स्थिता नित्या यानुच्चार्या विशेषतः’ असं म्हटलं आहे. म्हणजे ही अर्धी मात्रा उच्चारात पकडता येत नाही, पण कायम असते. गडाचे उपासक म्हणतात की महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती या तिघींचं एकरूप इथे आहे. त्यामुळे ‘अर्ध’ हा शब्द मापाचा नाही. मला हे पटतं. नाही पटलं तरी चैत्रात नांदुरीच्या फाट्यावर उभं राहून येणारी माणसं बघा, कमी-जास्तीचा हिशोब आपोआप सुटतो.

गडाची मूळ कथा काय?

महिषासुराची. देवांना त्याने स्वर्गातून हुसकावून लावलं, देवांच्या संतापातून तेज निघालं आणि त्या तेजातून देवी प्रकटली. प्रत्येक देवाने आपापलं शस्त्र तिला दिलं. ही कथा मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात, म्हणजे आपण ज्याला दुर्गा सप्तशती म्हणतो त्यात आहे. पुराणातली कथा सगळ्या भारताची. तिचा मुक्काम मात्र इथल्या माणसांनी आपल्या डोंगरात दाखवून दिला आहे. महिषासुराला मारून देवी विश्रांतीसाठी या सात शिखरांच्या जागी आली आणि इथेच राहिली, असं गडावर सांगतात. रांगेतल्या एका डोंगराला आरपार भोक दिसतं, ते देवीने महिषासुरावर केलेल्या वाराचं. पायऱ्या सुरू होतात तिथे महिषासुराचं शिर आहे, त्यालाही हळदकुंकू वाहूनच लोक वर जातात. मारलेल्या असुरालाही दारात जागा देणारी ही देवी आहे.

दुसरी कथा रामायणाशी जोडलेली. लक्ष्मणासाठी हनुमान द्रोणागिरी उचलून नेत होता, त्याचा एक तुकडा इथे पडला. तिसरी सतीच्या अवयवांची, त्यात तिचा उजवा हात इथे पडल्याचं सांगतात. नवनाथांना मानणाऱ्या घरांत चौथी कथा असते: मच्छिंद्रनाथांना शाबरी विद्या मिळाली ती सप्तशृंगीच्या कृपेने. या चारांपैकी खरी कोणती, असा प्रश्न गडावर कुणी विचारत नाही. ज्याच्या घरात जी चालत आली ती त्याची.

देवीची मान एका बाजूला कललेली का आहे?

समोरच्या मार्कंडेय ऋषींचं ऐकायला. गडासमोर, मध्ये खिंड सोडून, मार्कंडेय पर्वत आहे. ऋषी तिथे बसून सप्तशतीचं पारायण करत आणि देवी मान किंचित कलती करून ते ऐके, अशी श्रद्धा आहे. तेरा अध्याय, सातशे मंत्र. दर्शन झाल्यावर देवळातून बाहेर येऊन समोर नजर टाका, हवा स्वच्छ असेल तर ऋषींचा डोंगर दिसतो. ज्याने कुणी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याने मूर्ती आणि भूगोल दोन्ही नीट पाहिले होते.

मूर्ती केवढी आहे? अठरा हातांत काय काय आहे?

मूर्ती कड्यातच आहे, सुमारे आठ फूट उंच, उभी. स्वयंभू मानतात. आपल्या घरच्या देवघरातल्या टाकांची सवय असलेला माणूस पहिल्यांदा समोर आला की दोन क्षण हात जोडायचं विसरतो.

सप्तशतीच्या परंपरेत अठरा हातांच्या देवीचं जे वर्णन आहे, त्यात अक्षमाला, कमळ, बाण, खड्ग, वज्र, गदा, चक्र, त्रिशूळ, परशू, शंख, घंटा, पाश, शक्ती, दंड, ढाल, धनुष्य, पानपात्र आणि कमंडलू अशी यादी येते. गंमत बघा, इतक्या शस्त्रांच्या गर्दीत जपमाळ आणि कमंडलूही आहे.

देवीला रोज पंचामृताची महापूजा होते. साडी अकरा वारी लागते आणि चोळीला तीन खण. नाकात नथ, कमरेला पट्टा, डोक्यावर मुकुट आणि मुखात पानाचा विडा. शृंगार पूर्ण झाल्यावरचं रूप बघायचं असेल तर सकाळची महापूजा आटोपल्यावर रांगेत लागा.

पूर्वीचे फोटो आणि आताची मूर्ती वेगळी दिसते. मूर्ती बदलली का?

मूर्ती तीच आहे, शेंदूर उतरवला आहे. वर्षानुवर्षं लावलेल्या शेंदराचा जाड थर मूर्तीवर साचला होता. २०२२ च्या जुलैमध्ये देऊळ दर्शनासाठी बंद ठेवून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली संवर्धनाचं काम झालं आणि हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला. आतून जी मूर्ती समोर आली तिचे अवयव, आयुधं आणि कोरीव काम पहिल्यांदाच आपल्या पिढीला दिसलं. २६ सप्टेंबर २०२२ ला, घटस्थापनेच्या दिवशी, दर्शन पुन्हा सुरू झालं.

त्या वेळी घराघरांत वाद झाले. म्हाताऱ्या माणसांना गोल, भरलेल्या चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची आई हवी होती. आमच्या ओळखीच्या एक आजी अजूनही जुनाच फोटो पुजतात आणि त्यांना कुणी समजवायला जात नाही. काम गरजेचं होतं, असं माझं मत आहे. एवढं वजन अंगावर वागवणाऱ्या दगडाची काळजी कधीतरी घ्यावीच लागली असती.

पायऱ्या किती आहेत? म्हाताऱ्या आईवडिलांना कसं न्यायचं?

गडावरच्या गावातून देवळापर्यंत पावणेपाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दगडी पायऱ्यांचं हे काम तळेगावच्या दाभाडे घराण्यातल्या उमाबाईंनी करवून घेतलं, असं मानलं जातं. मराठ्यांच्या इतिहासातल्या त्याच त्या सेनापती उमाबाई दाभाडे.

चढवत नसेल तर २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉली आहे. तिरक्या रुळांवरून दोरखंडाने ओढला जाणारा डबा, काही मिनिटांत वर. रोपवे म्हणतात सगळे, पण हवेत लटकत जायचं नसतं, त्यामुळे उंचीची भीती असलेल्यांनीही बिनधास्त बसावं. उत्सवात ट्रॉलीची रांग इतकी लांबते की पायऱ्या परवडतात. गुडघे शाबूत असलेल्यांनी एकदा तरी पायऱ्यांनीच जावं.

चैत्रोत्सव म्हणजे काय? तो नवरात्रापेक्षा मोठा आहे का?

गर्दीची तुलना करत बसू नका, दोन्ही उत्सव अफाट आहेत. फरक माणसांचा आहे. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा हा उत्सव प्रामुख्याने खान्देशाचा. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि मालेगाव पट्ट्यातल्या असंख्य घरांची ही कुलदेवता, आणि खान्देशातले लोक तिला आपली माहेरवाशीण मानतात. माहेरवाशिणीला भेटायला जायचं तर गाडीत बसून कसं जाणार? म्हणून चालत.

चैत्रात देवळा-कळवणच्या रस्त्याला लागलात तर दिसेल. पुढे भगवा झेंडा, मागे पन्नास-साठ माणसांचा जथा, शेवटी बोचकी आणि पाण्याच्या टाक्या भरलेली पिकअप, तिच्यावर कर्णा. ऊन असं की डांबराचा वास येतो. बायका डोक्यावरचा पदर ओला करून घेतात. कुणी अनवाणी चालतं, पायाला चिंध्या बांधलेल्या असतात. दुपारी निंबाच्या सावलीत सगळे आडवे होतात, ऊन उतरलं की पुन्हा ‘अंबे माते की जय’. वाटेवरच्या गावांत कुणी ताक देतं, कुणी कलिंगड कापून ठेवतं, कुणी नुसतीच पायाला लावायला तेलाची बाटली घेऊन बसतं. नांदुरीहून वर जाणारी रडतोंडीची पायवाट आहे. नावच सगळं सांगतं. इतकं अंतर चालून आलेला माणूसही तिथे एकदा मान वर करतो आणि खाली बसतो.

नाशिककरांनी एकदा तरी चैत्रात गडावर जावं, असं मला वाटतं. आपण वर्षभर सोयीने जातो, आणि खान्देशातले लोक पायाला फोड घेऊन येतात.

शिखरावरचा झेंडा कोण लावतं?

देवळाच्या मागे जे शिखर उभं आहे, त्यावर वर्षातून दोनदा कीर्तिध्वज फडकतो. चैत्रात चतुर्दशीच्या रात्री आणि नवरात्रात नवमीच्या रात्री. मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याचा, पिढ्यानपिढ्यांचा. ध्वजाची पूजा होते, मिरवणूक निघते आणि मग मानकरी पूजेचं साहित्य, काठी आणि केशरी कापड घेऊन अंधारात कडा चढतो. वर जायला वाट नाही. दिवसा खालून बघितलं तरी हात कुठे धरायचा आणि पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. तो कसा चढतो हे बघायचं नसतं, असा संकेत आहे.

पहाटे उजाडलं की खालच्या गर्दीत एकच गलका होतो, सगळ्यांची बोटं वर. पौर्णिमेला परतणारे पदयात्री तो झेंडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गड सोडत नाहीत.

नवरात्रात गडावर काय काय असतं?

घटस्थापनेला देवीच्या दागिन्यांची मिरवणूक निघते, महापूजा होते आणि देऊळ भक्तांसाठी जवळपास अखंड उघडं राहतं. नऊ दिवस पुष्कळ बाया गडावरच ‘घटी बसतात’. घरदार सोडून, उपास करून देवीच्या पायाशी मुक्काम. नवमीला शतचंडी यागाचा होम असतो, दसऱ्याला पूर्णाहुती.

घटस्थापनेच्या आधीच्या दिवसांत दिसणारं दुसरं दृश्य म्हणजे ज्योत. गावोगावच्या मंडळांची पोरं टेम्पो घेऊन गडावर येतात, देवीच्या दारात मशाल पेटवतात आणि ती आपल्या गावच्या घटापर्यंत पळत नेतात. एक जण मशाल घेऊन अनवाणी पळतो, दमला की दुसरा घेतो, मागून टेम्पोत तेलाचा डबा आणि ढोल. रात्री दिंडोरी रोडवर गाडी चालवत असाल तर वेग कमी ठेवा. ज्योत विझू न देण्याच्या नादात पोरांचं रस्त्याकडे लक्ष नसतं.

नवरात्र आणि चैत्रोत्सव या दोन्ही वेळी खासगी गाड्या नांदुरीतच थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं. हुज्जत घालू नका. तो घाट सगळ्यांच्या गाड्या पेलू शकत नाही.

कोजागरीला कोणाची गर्दी असते?

कावडीवाल्यांची आणि तृतीयपंथीयांची. ठिकठिकाणच्या नद्यांचं पाणी खांद्यावरच्या कावडीत घालून लोक चालत येतात आणि त्या पाण्याने देवीला अभिषेक होतो. त्याच दिवशी राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही तृतीयपंथी भक्त गडावर जमतात. त्यांचा छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक, निघतो. भरजरी साड्या, डोक्यावर देवीची मूर्ती, वाजंत्री. एरवी सिग्नलवर ज्यांच्यापासून काच वर करून घेतली जाते, त्यांच्या पायाला हात लावायला त्या दिवशी माणसं वाट बघत असतात. हे दोन्ही मी इथल्याच माणसांना करताना पाहिलं आहे.

बोकडबळी अजून देतात का?

दसऱ्याला बोकडबळीची परंपरा होती. २०१६ मध्ये त्या वेळी मानवंदनेची बंदूक झाडताना काही जण जखमी झाले आणि त्यानंतर प्रशासनाने बळी बंद केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. यावर गडावरच्या चहाच्या टपरीवर मत मांडू नये, दोन्ही बाजूंचे लोक तिथेच बसलेले असतात.

ओटी आणि नैवेद्याचं कसं करायचं?

खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. पायथ्याच्या दुकानांत सगळं तयार मिळतं, पण खण घरून नेलेला बरा. नवसाची साडी आणणाऱ्यांनी ती अकरा वारी आहे ना, ते पाहून घ्यावं. पुरणपोळीचा नैवेद्य देवीला प्रिय. दुपारी बाराच्या सुमाराला महानैवेद्याची आरती होते. खाद्यपदार्थाची पिशवी हातात उघडी धरून पायऱ्या चढू नका, माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत. त्यांना नारळ आणि फुटाणे यांतला फरकही चांगला कळतो.

गर्दी नको असेल तर कधी जावं?

मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा. सोमवारी किंवा बुधवारी पहाटे नाशिक सोडा, काकड आरती नाही मिळाली तरी महापूजा मिळेल आणि दुपारच्या जेवणाला घरी. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की गड सगळ्यात छान. पावसाळ्यात डोंगर हिरवागार आणि ढगांत बुडालेला असतो, फोटो उत्तम येतात. पण त्याच दिवसांत दरडी सुटतात. कड्याला जाळ्या बसवल्या आहेत, तरी डोंगराला वळसा घालणाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पावसाळ्यात जाऊ नये आणि ती बंद असेल तर दोरी ओलांडून तर मुळीच नाही.

देवीशिवाय गडावर काय बघायचं?

शिवालय तीर्थ आणि त्याच्या काठचा महादेव. सूर्यकुंड, कालीकुंड. शीतकडा, जिथून खाली पाहताना पोटात गोळा येतो. लहान मुलांचा हात धरूनच जा. पायांत बळ असेल तर दुसऱ्या दिवशी समोरच्या मार्कंडेय पर्वतावर जाता येतं. सोमवती अमावास्येला तिथे मोठी गर्दी असते. शेजारी रवळ्या-जवळ्या ही किल्ल्यांची जोडी आहे, ती ट्रेकरांसाठी. मार्गशीर्षात या भागात आलात तर कोकणा आदिवासींच्या पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालू असतो. पावरी या वाद्याचा सूर आणि घुमणारी माणसं. तो त्यांचा देव आहे, बोलावलं तरच जावं.

गडावर जाणं जमलं नाही तर नाशिकमध्येच देवीचं दर्शन कुठे घ्यावं?

भद्रकाली आणि कालिका. भद्रकालीचं देऊळ जुन्या नाशकात आहे, आजूबाजूच्या अख्ख्या भागाला तिचंच नाव पडलं आहे. सतीच्या शक्तिपीठांच्या मोठ्या यादीत जनस्थान म्हणून नाशिक येतं, ते इथलं. कालिकामाता जुन्या आग्रा रोडवर. नवरात्रात तिची यात्रा भरते. पहाटे चारला उठून, अंघोळ करून, थंडीत कुडकुडत कालिकेला पायी जाणं हा नाशिककरांचा नऊ दिवसांचा नेम. येताना गरम भजी. उपास असणाऱ्यांनी साबुदाणा वडा घ्यावा, तोही तिथेच मिळतो.